पंचेचाळिसावा दिवस

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

प्यायले! गोळीवर प्यायले! भरवेलीच्या खाणीतून पहिली पाळी करून हे आले, जेवले, आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकारी. डॉक्टरांनी सांगितलंच होतं — ही गोळी चालू असताना दारू घेतली की असंच होतं. रोज सकाळी माझ्यासमोर गिळतात. आज पंचेचाळिसावा दिवस! आणि वाटेत कुठेतरी जाऊन...

"नाही पिलो, ललिता. दीप्तीची शपथ." — पोरीची शपथ घेताना जीभ कशी झडली नाही!

१७ जानेवारी

आजही. वाससुद्धा येत नाही. इतके तयार झालेत!

१८ जानेवारी, शनिवार

तिसऱ्यांदा. मग मी भासऱ्यांना बोलावलं. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ, चैतराम; शेजारीच राहतात. ते पहिल्यापासून सांगत होते — "त्याले चार महिने दारू सोडवाच्या सेंटरात टाक. बाहेरून कुलूपच पाहिजे." मीच भांडले होते. म्हटलं, नाही, बालाघाटच्या ओपीडीतच दाखवू. मंगळवारी जायचं, गोळ्या आणायच्या, तिथल्या समुपदेशक राखी मॅडमशी बोलायचं, संध्याकाळी घरी. ड्यूटी चालू. दीप्तीच्या दहावीच्या वर्षी बाप घरात. आणि खरं सांगते, डिसेंबरभर घर घरासारखं होतं. हे तिला गणित शिकवायचे, मी भाजी निवडत नुसती ऐकत बसायची. भासऱ्यांपुढे किती तोऱ्यात मिरवलं मी! सगळं मातीत गेलं.

आज त्यांना म्हटलं, न्या. बुधवारची गाडी ठरली. हे कोपऱ्यात बसून होते.

"चार महिने गेलो तं ड्यूटी जाईन माही. तुले मालूम आहे ना?"

मी त्यांचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

२० जानेवारी

काल नाही, आज नाही. तोंड लाल नाही. बसला धाक! एकमेकांशी बोलणं बंद. गोळी मात्र घेतली, मला दाखवून.

२१ जानेवारी, मंगळवार

बालाघाटला ओपीडीत एकटीच गेले, कार्ड बंद करायला. राखी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाभी, घर में और कोई दवा दे रही हो क्या?"

म्हटलं, दवा कसली! अशक्त दिसतात म्हणून वैद्याच्या दुकानातून अरिष्ट आणलंय. गुरुवारपासून, जेवणानंतर चार चमचे. शनिवारी डोकं फिरलं तेव्हापासून तेही बंद. इतकी क्षुल्लक गोष्ट, की इथे लिहिलीसुद्धा नव्हती.

मॅडमनी कपाळाला हात लावला. अरिष्ट आंबवून करतात. त्यात दारू तयार होते. थोडीच, पण या गोळीला तेवढी पुरते.

"हमने बोला था ना, पूछे बिना कुछ मत देना?"

बोलल्या होत्या. पहिल्याच मंगळवारी. मला वाटलं, हे काय औषध आहे? ताकदीचं तर आहे.

अरिष्ट! बाटलीवर नाव वाचूनही कळलं नाही मला. मीच घरात आणलं, मीच चमच्याने पाजलं, आणि मीच त्यांना खोटं ठरवलं.

संध्याकाळी सांगितलं. भासऱ्यांसमोर, दीप्तीसमोर, हात जोडून. गाडी रद्द. दीप्ती रडत यांच्या गळ्यात पडली. हे एवढंच म्हणाले — "पिलो असतो तं इतकं लागलं नसतं. पोरीची शपथ घेतलती मी. तरी?"

२४ जानेवारी

ड्यूटीला जातात. जेवतात. "हौ", "नाही" — बस्स.

२८ जानेवारी, मंगळवार

ओपीडीला एकटेच जाऊन आले. कार्डावरच्या 'गोळी कोणासमोर' या रकान्यातलं माझं नाव खोडून भासऱ्यांचं लिहून आणलंय. मी विचारलं, काहून? म्हणाले, "त्यानं माह्यावर भरोसा कधी ठेवलाच नोता. त्याचं लागत नाही."

सत्तावन्न दिवस झाले. हे प्यायलेले नाहीत, हे मला आता शेजारच्या घरून कळणार.