हामूंगा गप्प बसला

प्रिय चोलवे,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. आंब्याखाली बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण तुझी आई मध्येच हिसकावून घेते आणि कोंबड्यांची खबरबात सुरू करते.

बातमी म्हणजे आपल्या म्हाताऱ्या लाल ट्रॅक्टरचं स्टिअरिंग एकदाचं दुरुस्त केलं. गेल्या हंगामात माझी नांगराची तासं अशी नागमोडी गेली की शेजारच्या म्वीम्बाची बायको विचारत होती, मका पेरायचाय की सापाचं चित्र काढायचंय. तुला तर ठाऊकच आहे, स्टिअरिंगचं चाक पाव फेरा फिरवल्याशिवाय पुढची चाकं हलायचीच नाहीत. माझ्या मांडीवर बसून तू त्यावरच शिकलीस, आणि उसाच्या मळ्यावर नोकरीच्या पहिल्याच दिवशी तसाच पाव फेरा मारून नवा ट्रॅक्टर थेट उसात घातलास. ते आठवलं की मला अजून हसू येतं.

दुरुस्तीला हामूंगाच आला. तो तरसाच्या कुळातला, मी शेळीच्या, तेव्हा कुळांच्या रीतीप्रमाणे एकमेकांना टोमणे मारायचं, थट्टेचं नातं आमचं जन्माचं. माझ्या आईच्या मयतीला आला तेव्हा म्हणाला होता, म्हातारी गेली ते बरं झालं, आता तिच्या वाटचं आंबट दूध मला. आणि रडणारी माणसं हसायला लागली होती. या वेळी तो ट्रॅक्टरखाली उताणा पडून मला शिव्या घालत होता आणि मी त्याला पाने देत होतो. टाय रॉडच्या टोकांचे सांधे झिजून खुळखुळे झाले होते, पुढच्या चाकांचे बुश तर उरलेच नव्हते. शेळी काहीही खाते, ट्रॅक्टरचं ग्रीसही तूच चाटलंस वाटतं, म्हणाला. नवे सांधे, नवे बुश बसवले, दोरी धरून चाकं सरळ केली. मग तुझ्या आईने घोटलेला मक्याच्या पिठाचा न्शिमा दोघांच्या वाटचा एकट्याने खाल्ला.

विहिरीजवळच्या ओल्या तुकड्यात त्याने आधी स्वतः एक तास काढलं. काय सरळ गेलं म्हणून सांगू. मग मी बसलो. माझं वाकडं गेलं. हाताला जुन्या ढिल्या चाकाची सवय आहे, असं मी म्हणालो आणि तोही हो म्हणाला. दुसरंही वाकडंच गेलं. तिसऱ्यांदा मी चाक नुसतं धरून ठेवलं, जराही वळवलं नाही, तरी तास डुगडुगतच गेलं. मागे वळून पाहिलं तर हामूंगा बांधावर उभा. असं आयतं सावज तरस सोडणार थोडंच? मी शिवीची वाट पाहत राहिलो. पण तो मुकाट्याने जवळ आला, इंजिन बंद केलं आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, तू आता जरा बस."

भाऊ म्हणाला गं मला. उभ्या जन्मात कधी म्हणाला नव्हता. तेव्हा मात्र मी घाबरलो.

चोलवे, अक्षराचा दोष गुडघ्याचा नाही. चहा सांडला की मी कपाला नावं ठेवत होतो, तास वाकडं गेलं की ट्रॅक्टरला. आता ट्रॅक्टरमध्ये काही ढिलं उरलेलं नाही. मोंझेच्या दवाखान्यात जायचं तुझ्या आईला कबूल केलंय. पण जमीन दवाखान्यासाठी थांबत नाही. नांगरणीपुरती रजा काढून येशील का? स्टिअरिंग तुझ्या हाताला अगदी नेमकं बसेल. मी बांधावर बसून बघेन. आणि पहिलं तास सरळ काढलंस की हामूंगाला ऐकव, शेळीची लेक तरसापेक्षा बरी नांगरते म्हणावं. त्याचं तोंड पुन्हा सुटू दे. तो माझ्याशी चांगला वागतोय, ते मला सोसवत नाही.

तुझाच, वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा