थंडी न वाजणारी बाई

२ जानेवारी
रुजू झाले एकदाची! सफरचंदांचं कोल्ड स्टोरेज. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, असा इथला नियम. मुकादमाला सगळे हिमराज म्हणतात. मिशीवरचं दव गळेल या भीतीने तो हसतच नाही. दुसऱ्या मजल्यावरची खोली एवढीशी, पण खिडकी चांगली मोठी आहे. तीन महिन्यांनी कायम झाले की ताईकडे ठेवलेल्या लेकीला आणायचं. सहा वर्षांची झाली, आणखी किती दिवस परक्यासारखी राहील?

१९ जानेवारी
वाढलेला थायरॉईड आवरायच्या गोळ्या संपल्या. जुन्या डॉक्टरांनी बजावलं होतं, खंड पडला तर हृदय बेफाम धावेल. पण नव्या नोकरीत लगेच सुट्टी कोणत्या तोंडाने मागू? बघू पुढच्या आठवड्यात.

२० फेब्रुवारी
गंमतच आहे. मला थंडीच वाजत नाही! स्वेटर न घालता चाळीस मिनिटं आत राहते, दोघींचं काम एकटी उरकते. चौघांचं जेवते, तरी वाळतेय. हिमराज म्हणाला, ही बाई आहे की भट्टी! बाकीच्यांच्या पोटात दुखतंय. हे सगळं गोळ्या बंद केल्यामुळे, ते कळतं मला. म्हणूनच तर आणत नाही.

७ मार्च
छातीत धडधड, तीही ताल सोडून. जिना चढताना तीनदा बसले. कंपनीच्या नर्सबाईंनी मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. आजच मोठ्या दवाखान्यात जा म्हणाल्या. मी मान डोलावली आणि कामावर गेले. पंचवीसच दिवस उरलेत.

२३ मार्च
पाय सुजलेत. बूट चढत नाहीत. आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं, म्हणून भिंतीला टेकून बसते. फार भीती वाटते. सांगितलं तर घरी बसवतील.

१ एप्रिल
कायम झाले. पत्र हातात आहे, पण हात इतका थरथरतो की— रविवारी ताई लेकीला घेऊन येतेय.

रविवार
अंग भाजतंय. खोकल्यातून गुलाबी फेस. एक ठोका— मग नाहीच— मग दहा एकदम—
जिन्यात तिची पावलं. ताईला मागे टाकून धावत आलीय.
दार वाजवतेय. कडी चार पावलांवर. उठवत नाही. हाक मारायला श्वास—
हसतेय. तिला वाटतंय मी मुद्दाम उघडत नाही. दहापर्यंत मोजते म्हणाली, तेवढ्यात उघड.
पाच झाले. सहा.
सरकतेय मी, बाळा, थोडं हळू मोज—
आठ—