रक्ताचा टंच

विटा,
२० एप्रिल २०२५

ती. दादास,

संयोगिताचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र नानासोंबरोबर पाठवतेय. यात्रा उरकून ते परत कोइमतूरला, तुमच्याच गल्लीतल्या दुकानावर निघालेत. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे. वहिनीला सांग, यंदा तिखट जरा जास्त झालंय.

आबा आता काठी धरून परसापर्यंत जातात. उजवा हात अजून उठत नाही. बोलणं अडखळतं, पण शिव्या स्पष्ट येतात.

तुझ्यावर माझा राग होता, तो मी लपवला नाही. आबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं रक्त तपासलं. मेंदूला किती इजा झाली ते रक्तातल्या एका घटकावरून कळतं, म्हणाल्या. आकडा फार वर होता. "हा अंदाज आहे, एवढ्यावर काही ठरवू नका," असंही म्हणाल्या. मी तुला फोनवर आकडा सांगितला आणि तू लगेच म्हणालास, "घरी न्या त्यास्नी. नमुना खोटं बोलत न्हाई."

जन्मभर सोन्याचा टंच काढलास, चिमूटभर तुकड्यावरून अख्ख्या लगडीचा कस सांगितलास. आबांचंही तसंच केलंस. एवढी घाई कशाला? जमिनीसाठी, की दवाखान्यात बसायला लागू नये म्हणून? चुलत्यांपुढेही मी हेच बोलले.

मागच्या सोमवारी आबांनी विचारलं, "मला घरी न्यायचं कुनी ठरवलं हुतं?"

मी तुझं नाव सांगितलं. तेव्हापासून ते तुझा विषय काढू देत नाहीत. दुकानाच्या पूजेचा तुझा फोटोही त्यांनी भिंतीवरून काढायला लावला.

दादा, तुला फोन केला तेव्हा घरी नेण्याच्या कागदावर माझी सही झाली होती. त्याआधीची कैक वर्षं आबांचं करून करून मी थकले होते. आकडा ऐकला आणि मला हायसं वाटलं. तुझ्याकडून फक्त होकार हवा होता, म्हणून 'हा अंदाज आहे' हे बाईंचं वाक्य मी तुला सांगितलंच नाही. त्यांनी कागद अडवून ठेवला, "उद्या परत रक्त बघू" म्हणाल्या, म्हणून आज आबा आहेत.

त्यांना एकटीनं सांगायला माझी जीभ उचलत नाही. तू ये. तुझ्यासमोर सांगेन. मग कुणाचं तोंड बघायचं नाही ते त्यांनी ठरवावं.

फोटो पुसून माझ्या कपाटात ठेवलाय.

सही केलेली,
तुझी संयू