संपर्कातील व्यक्ती: कोणी नाही

७ डिसेंबर

सयाजीनं खोटं सांगितलं. शिरोळचा हा पेशंट, नव्या तापाच्या आमच्या अभ्यासातला अकरावा. आजारी पडायच्या आधी आणि नंतर तो कुठं कुठं होता, कुणाजवळ बसला, याची यादी करायची, त्यातला एकूण एक माणूस शोधायचा, तपासायचा — हेच माझं काम. लवकर सापडला तर माणूस वाचतो. पाच-सहा दिवस गेले की फुप्फुसं धरतात. गडी म्हणाला, 'कारखान्यावर गेलतो.' आज कळलं, कोल्हापुरात फुटबॉलची मॅच बघत होता. बायको समोर उभी होती म्हणून बोलला नाही! मॅचला शेजारी बसलेला त्याचा मित्र आता व्हेंटिलेटरवर आहे.

जोतीरामवर उगाच तोंडसुख घेतलं. यादीतली माणसं हुडकून काढणारा आमचा आरोग्यसेवक तो. 'लोक लपवतात, तुम्ही खोदून विचारत का नाही?' तर म्हणे, 'सर, माणसं म्हंजे काय रजिस्टर हाईत व्हय?' 

९ डिसेंबर

आजच्या यादीत एकसष्ट नावं. एका माणसाची! तालीम, बारसं, पिठाची गिरणी, दोन मेहुणे. लिहिता लिहिता मनात आलं, माझी यादी केली तर पहिल्या पानाच्या कितव्या ओळीवर संपेल?

१० डिसेंबर

सकाळी सहाला दूध कट्ट्यावर, म्हशी आणून गिऱ्हाईकासमोर धार काढून देतात तिथं. हे इथंच लिहितो, बाहेर सांगायची सोय नाही. गावोगाव 'दूध उकळूनच प्या' म्हणून घसा कोरडा करणारा मी, बनाबाईंच्या म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितो. सात महिने झाले. दुधासाठीच जातो असंही नाही. 'झोप लागली काय?' असं विचारणारं या गावात मला दुसरं कोण आहे? त्या धार काढता काढता विचारतात, उत्तराची वाटही बघत नाहीत. 'दागतर, वाळलाय की वो. जेवता का न्हाय?'

आज जोतीराम गाडीवरून येताना दिसला तर मी म्हशीआड झालो. या वयात! बनाबाईंनी बघितलं.  तो गेल्यावर ग्लास पुन्हा भरून दिला.

१२ डिसेंबर

सुट्टी. कट्ट्यावरून आल्यापासून कुणाशी एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचला, आवाज फुटतो का बघायला.

१४ डिसेंबर

अंग मोडून आलंय. कट्ट्यावर खोकल्याची उबळ आली, थांबेना. बनाबाईंनी धार अर्धी सोडून मला पायरीवर बसवलं, अर्धा तास पाठीवर हात फिरवत होत्या. पंधरा गिऱ्हाईकं खोळंबली. 'थांबा की, काय गाव पेटलंय काय?' म्हणाल्या.

दुपारी ताप एकशे दोन.

१५ डिसेंबर

रिपोर्ट पॉझिटिव्ह. मी एकोणिसावा. वेगळ्या खोलीत ठेवलंय.

जोतीराम मास्क लावून फॉर्म भरायला आला. फॉर्म मीच तयार केलेला. 'संपर्कातील व्यक्ती?' म्हटलं, तुम्ही आणि ऑफिसातले दोघं. 'घरातलं, शेजारचं? चहा, नाष्टा कुठं?' 'मला कोण आहे इथं? लिहा, कोणी नाही.'

बनाबाईंचं नाव अगदी जिभेवर होतं. पण ते लिहायचं म्हणजे कट्टा लिहायचा, आणि उद्या अख्ख्या ऑफिसात तोच विषय. उघड्यावर असतात त्या, मोकळी हवा, काही होत नाही — अशी मनाची समजूत घातली. आणि खरं सांगायचं तर तो रिकामा रकाना बघून कुठंतरी बरंही वाटलं. बघा म्हणावं, किती एकटा आहे हा माणूस.

१८ डिसेंबर

ताप उतरला. डबा दाराबाहेर ठेवून जातात. चार दिवसांत फोन एकच, तोही मोबाइल कंपनीचा.

२१ डिसेंबर

जोतीराम दारातूनच म्हणाला, 'सर, दूध कट्ट्यावरची एक बाई काल ॲडमिट झाल्या. ताप अंगावर काढला चार दिवस. कुणाच्याच यादीत न्हवत्या.'

नाव विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

मग त्याला सगळं सांगितलं. म्हशीआड लपलो होतो तेही. सयाजीवर मी किती ओरडलो होतो!  जोतीरामनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं माझा फॉर्म फाडून नवा भरला आणि कट्ट्यावर माणसं पाठवली. सहा दिवस उशिरा.

२२ डिसेंबर

बनाबाई ऑक्सिजनवर आहेत. दाखल होतानाच त्यांनी यादी सांगितली होती, ती आज बघितली. धाप लागलेली असताना अडतीस नावं, पेंड आणून देणारा धरून. माझं नाव नाही. विसरल्या असतील म्हणून जोतीराम परत विचारायला गेला. तर म्हणाल्या, 'त्यांचं घालू नगंस, लेका. कच्चं दूध पित्यात म्हनून कळलं तर नोकरी जाईल त्यांची. एकलं मानूस हाय.'

एकोणचाळिसावं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. शेवटची भेट, १४ डिसेंबर. किती वेळा भेट, या रकान्यात — रोज.