मागे उभा असलेला

ओसाका, १२ नोव्हेंबर

प्रिय हिसा,

थंडी पडू लागली. भाजक्या रताळ्यांचा गाडीवाला पुन्हा आपल्या गल्लीत ओरडत फिरतो. माझे गुडघे कुरकुरतात, पण कान अजून शाबूत आहेत.

तुझी नव्या वर्षाची सहा कार्डं गल्ल्याखाली पडून आहेत. सगळ्यांवर तेच, ‘दादा, तब्येतीला जपा.’ दरवेळी वाटायचं, याला माझ्याकडून काहीतरी हवंय. काही नको असलेला माणूस सहा वर्षं कार्डं पाठवतो का? म्हणून उत्तर दिलं नाही.

परवा दुकानातल्या तुझ्या खणात एक जुना गेम सापडला. खण तू मुद्दाम तसाच सोडलास की काय, असाही संशय आलाच. विकण्याआधी त्यात कुणी साठवून ठेवलेला खेळ पुसायचा असतो, म्हणून टीव्हीला जोडला. तीस वर्षं गेम विकतोय, खेळलो एकही नाही, तुला ठाऊक आहे.

लढाई अर्धवट सोडलेली. एकाच चौकोनात दोन सैनिक, नावं आपलीच, गेंझो आणि हिसा. गेंझो पुढे, त्याचा जीव संपत आलेला. हिसा त्याच्या पाठीमागे, अंगावर ओरखडा नाही.

म्हटलं, सापडला! खेळातसुद्धा माझ्याच आडोशाला.

तेवढ्यात आपल्या जुन्या गिऱ्हाईक ओरिहारा बाई आल्या. आता शहात्तरच्या आहेत, पण शाळेत शिकवायच्या तेव्हासारखाच आवाज.

“बघा बाई, मार मी खातोय आणि हा मागे मजेत!”

“कुरामोची, तुम्ही गेम विकता की कांदे?” बाईंनी चष्मा पुसला. “जोडी लावली की मागच्याला कुणी मारू शकत नाही, खरं. पण त्यालाही कुणावर वार करता येत नाही. जिंकलात तरी नाव पुढच्याचं. ही पट्टी दिसते? प्रत्येक घावाला थोडी भरते. पूर्ण भरली की पुढचा घाव मागचा सैनिक अडवतो. अख्खा.”

“एकच?”

“एकच. पण कुठला, ते बघा ना. पट्टी भरलीय, आणि आणखी एक घाव बसला की तुमचा गेंझो संपला.”

मला सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला. पडद्याआडून मी तुझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं, “हो, विक्रीच्या तारखेच्या दोन दिवस आधी. मीच दिला. दादांना काही माहीत नाही.” नवा गेम तारखेआधीच दुकानाबाहेर गेला म्हणून वितरक आपला माल बंद करणार होता. मिठाईचा डबा घेऊन तू माफी मागायला गेलास. हा माणूस दुकानात नको, एवढ्या अटीवर त्यांनी मिटवलं. तू निघालास तेव्हा मी दारापर्यंतही आलो नाही.

बाई हळूच म्हणाल्या, “मी हॉस्पिटलात होते ना, तेव्हा हिसा आला होता. म्हणाला, कुणी विचारलं तर गेम हिसानं दिला म्हणा. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय.”

इतकं लिहिलं, आता उरलेलंही लिहितो. तो गेम मी दिला होता. बाईंचं ऑपरेशन होतं. “गेम परवा येणार, पण मी उठलेच नाही तर?” म्हणाल्या, आणि मी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला. वॉर्डातल्या कुणीतरी त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला. तरी मी स्वतःला सांगत राहिलो, एका आजारी बाईच्या गेमसाठी कोण एवढा गोंधळ घालेल? हिसानंच चोरून आणखी गेम विकले असणार. त्या आठवड्यात मी खोकी तीनदा मोजली.

एकच कमी होतं, हिसा. तिन्ही वेळा.

उद्या वितरकाकडे जातोय. मिठाईचा डबा घेतलाय, तू नेला होतास त्याच दुकानातला. काय घडलं ते माझ्या तोंडानं सांगणार. माल बंद केला तर करू देत, जुन्या गेमांवर दुकान रेटेन. तुझा खण रिकामा केलेला नाही. यायचं की नाही, ते तू ठरव.

खेळही पुसला नाही. बाईंनी एक बटण दाखवलं, त्यानं पुढचा मागे आणि मागचा पुढे होतो. भरलेली पट्टी तशीच राहते म्हणे. तुला न विचारता मी ते दाबलं.

पुढचा घाव माझ्यावर.

तुझ्या पाठीशी, सहा वर्षं उशिरा,
गेंझो