शिवणवाल्या ताईंची टेप

मी, खाली सही करणारा, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा दुकानदार, ज्याला सारी गल्ली तारमामा म्हणते, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आणि बायकोने तो हसत वाचला. कोणाचं दडपण नाही. आधीची दोन मृत्युपत्रं मीच फाडली, कारण चौथ्या कलमापाशी जीव अडकत होता. ती रद्द समजावीत.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव बायकोची. तिने त्याचं काय करावं हे कोणी शिकवू नये. शिकवलं तरी ती ऐकायची नाही.

२. दुकान आणि हत्यारं माझ्या कारागिराला. तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेबलावर तसंच ठेवायची सवय त्याने सोडावी. ही अट नाही, विनवणी आहे.

३. आरामखुर्ची धाकट्या भावाला. तो वर्तमानपत्राचा बातमीदार होता. दुकानातल्या टीव्हीवर युद्ध चालू असताना याच खुर्चीत बसून त्याने 'जनतेचा कौल' लिहिला. "माझ्या दुकानातली गर्दी म्हणजे सगळा देश का रे?" असं विचारलं, तर म्हणाला, "दादा, लोक जिथे जमतात तिथेच मी जाणार ना. रिकाम्या खोल्यांना काय विचारू?" तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. खुर्ची नेताना त्याने माझ्यावरचा रागही इथेच ठेवून जावा. माझा मी सोडला आहे.

४. इथे पुन्हा दोनदा उठून येरझाऱ्या घातल्या. दुरुस्त झालेला टेपरेकॉर्डर तपासायची माझी रीत अशी की दुकानात चाललेलं बोलणं भरायचं आणि गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायचं. त्या टेपा इतिहास शिकवणाऱ्या भाचीला. ते युद्ध पाहणाऱ्यांना खरंच काय वाटत होतं, यावर ती पुस्तक लिहिते आहे.

त्यातली एक टेप मात्र माझ्या गळ्याशी आली. समोरच्या शिवणवाल्या ताईंचा मुलगा तेव्हा आघाडीवर होता. भावाने छापलं, 'सैनिकाची आई म्हणते, अजून बॉम्ब टाका.' भाचीने ते कात्रण पुस्तकात घेतलं. टेपेवर मात्र ताई आधी विचारतात, "किती टाकले म्हणजे हे संपेल?" कोणीतरी म्हणतं, "अजून लागतील." मग ताई म्हणतात, "मग टाका बाबा, आणि पोरांना घरी पाठवा."

मी तावातावाने ती भाचीला ऐकवली. ती म्हणाली, "मामा, पेपर अर्धवट निघाला म्हणून टेप पुरी होत नाही. शेजारी पेन घेऊन धाकटे मामा बसलेले. दार लावल्यावर त्या काय म्हणाल्या असतील?" मग मी ताईंकडे सहज विषय काढला, टेपेचं न सांगता. त्या म्हणाल्या, "मी बल्ब घेऊन निघाले होते. बोलले कुठे काही?"

म्हणून आधीच्या मसुद्यात मी लिहिलं होतं की ही टेप ताईंना द्यावी, त्यांनी ठेवावी नाहीतर पुसावी, आणि का ते कोणी विचारू नये.

काल साक्षीदार म्हणून नेमकं ताईंनाच बोलावून बसलो. वकीलबाईंनी हात अडवला. "ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, मामा." ताई म्हणाल्या, "मला काय देताय? टीव्ही नको हं, डोळ्यांना झेपत नाही."

सांगावंच लागलं. टेप लावली. ताईंनी हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकली. त्यांचा मुलगा त्या युद्धातून परत आला नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. भाचीही आली होती, तिने ताईंना पुसायचं बटण दाखवलं.

"नको गं," ताई टेपरेकॉर्डरकडे बोट करून म्हणाल्या. "या बाईचा मुलगा अजून जिवंत आहे."

सबब कलम चार असं वाचावं: ही टेपही भाचीची. पुस्तकात ताईंचं वाक्य घेताना त्यांचा प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर आधी यावं. आपण काही बोललोच नाही, ही त्यांची आठवणही शेजारी यावी. आणि ताई ते बोलल्या त्या दिवशी मुलगा जिवंत होता, हे तळटीपेत नाही, त्याच ओळीत लिहावं.

हे वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: तारमामा
साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले २. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई
ठिकाण: दुकान, शटर अर्धं खाली
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यातली