आवळमाळ वाडीच्या सात मुलांची एक जून

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
शिक्षण विभाग, पंचायत समिती

अर्जदार : शरच्चंद्र रामकृष्ण उपळेकर, वय ७८ (कागदोपत्री), सेवानिवृत्त मुख्याध्यापक, रा. तळेगाव दाभाडे, ता. मावळ, जि. पुणे

विषय : आवळमाळ वाडी (आंदर मावळ) येथील प्राथमिक शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील सात मुलांच्या जन्मतारखा दुरुस्त करण्यास परवानगी मिळणेबाबत व तोवर शाळा बंद न करणेबाबत.

संदर्भ : १) शाळा समायोजनाचे आपले पत्र. २) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. ३) अर्जदाराची चूक.

महोदय,

१. अर्जदार पाचव्यांदा आपला वेळ घेत आहे, याची त्याला लाज वाटते. आधीचे चारही अर्ज वाचून त्याची मुलगी इरावती म्हणाली, "बाबा, हे अर्ज आहेत की प्रबंध?" तिचे बरोबर असावे. पहिल्या अर्जाची सुरुवात अर्जदाराने लोकल बोर्डाच्या शाळांपासून केली होती आणि मुलांपर्यंत पोहोचेस्तोवर सहा पाने झाली होती. म्हणून या वेळी मुद्दा आधी. आवळमाळ वाडीच्या शाळेत अकरा मुले आहेत. संगणकात चार आहेत. उरलेली सात अर्जदाराने घालवली. चार मुलांसाठी शाळा चालवता येत नाही, सबब १५ जूनपासून ती बंद करून मुले धरणापलीकडच्या शाळेत पाठवावीत, असे पत्र निघाले आहे.

२. सात मुले घालवली ती अशी. जून २०२३ मध्ये वाडीत पटनोंदणी होती. शाळा एकशिक्षकी, आणि शिक्षिका ज्योत्स्नाबाई यांना नेमके त्याच आठवड्यात सर्वेक्षणाचे काम लागले. अर्जदाराची पहिली नेमणूक १९७१ साली याच शाळेवर झाली होती. म्हणून बाईंनी फोन केला, "सर, एक दिवस याल का?" निवृत्त माणसाला असे कोणी विचारले की तो हुरळून जातो. अर्जदार पहिल्या एसटीने गेला. सातही मुले घरी जन्मलेली, दाखला कोणाकडेच नाही. खऱ्या तारखा अंगणवाडीच्या वहीत होत्या आणि ती वही खालच्या वस्तीतल्या पेटीत, अर्ध्या तासाच्या वाटेवर. अर्जदाराचे गुडघे दुखत होते. त्याने जुन्या पद्धतीने मुलांना ओळीने उभे केले आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितले. कान हाताला लागला की सहा वर्षे पूर्ण. सातही जणांचा लागला. छकुलीचा जेमतेम, मान वाकडी करून. आणि अर्जदाराने सात वेळा लिहिले, १ जून २०१७. लिहिताना डोके चाललेच नाही, हात तेवढा चालला.

३. साहेब तरुण आहेत, म्हणून थोडा खुलासा. शाळा जूनमध्ये उघडते. मुलाची तारीख ठाऊक नसेल तर मास्तरने एक जून घालावी, म्हणजे वय प्रवेशाला बरोबर बसते, असा पूर्वीच्या शाळांतला रिवाज. तो कोणत्या परिपत्रकात आहे, हे अर्जदाराने मावळातल्या शाळांच्या इतिहासाच्या आपल्या अकरा वह्यांत शोधले (वह्या छापण्याच्या लायकीच्या नाहीत). सापडले नाही. आवळमाळची शाळा १९६४ साली एका गोठ्यात भरू लागली. १९८८ मध्ये खडू-फळा मोहिमेत तिला दुसरी खोली मिळाली. २००९ मध्ये कायदा आला, की लहान मुलाची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. प्रत्येक धोरणाने शाळेची भिंत नव्याने रंगवली. आता पोपडा निघाला की खालचे वाक्य दिसते : गुणवत्तेखाली साक्षरता, साक्षरतेखाली लहान कुटुंब. धोरणे बदलली, एक जून बदलला नाही. रजिस्टरातल्या ४१२ नावांपैकी २३७ जण एक जूनला जन्मलेले आहेत. त्यांतले ६१ अर्जदाराच्या अक्षरात आहेत. अक्षर चांगले असल्यामुळे ते लगेच ओळखू येते.

४. पूर्वी याने कोणाचे बिघडत नसे. आता बिघडते. आधारकार्ड काढताना अंगणवाडीच्या प्रतीक्षाताई आपली वही घेऊन गेल्या, तीच वही, जिच्यासाठी अर्जदार अर्धा तास चालला नाही. त्यामुळे कार्डावर खऱ्या तारखा आल्या. शाळेत एक जून, कार्डावर दुसरेच काही. संगणक दोन्ही ताडून पाहतो. जुळले नाही की मूल 'अवैध'. छकुली बुधा हिलम ही रोज शाळेत हजर असते, एकोणीसपर्यंत पाढे म्हणते, खिचडी दोनदा मागून घेते. ती अवैध आहे. तिचा भाऊ उमेश तिच्याहून सतरा महिन्यांनी मोठा. अर्जदाराने दोघांना एकाच दिवशी जन्माला घातले. तोही अवैध आहे.

५. चूक कळल्यावर अर्जदाराने पहिला अर्ज केला. उत्तर आले, जन्माचा दाखला जोडा. ग्रामपंचायत म्हणाली, आमच्याकडे नोंदच नाही, तहसीलचा आदेश आणा. तहसीलला जन्मतारखेचा शालेय पुरावा हवा. शालेय पुरावा म्हणजे अर्जदाराने लिहिलेली एक जून. म्हणजे दाखला मिळेल तो खोट्या तारखेचाच, आणि खऱ्या तारखेला दाखला मागितला जाईल. दुसऱ्या अर्जाला पहिल्याच उत्तराची प्रत आली. तिसऱ्याला नुसती पोच मिळाली. चौथ्या वेळी विचारणा झाली, की आपण या मुलांचे कोण? अर्जदाराने यावर दोन दिवस विचार केला. तो त्यांचा कोणी नाही. फक्त त्यांच्या नावापुढचे आकडे त्याचे आहेत.

६. त्या चौथ्या वेळी एका कार्यालयातल्या तरुण लिपिकाने अर्जदाराला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिले, म्हणून त्यांचे नाव येथे लिहीत नाही. ते म्हणाले, "काका, एवढी वणवण कशाला करताय? आधारवरच एक जून करून घ्या. दोन्हीकडे सारखं झालं की विषय संपला." अर्जदाराला हे पटले. लिहायला संकोच वाटतो, पण पटले. छकुलीपासून सुरुवात करावी म्हणून त्याने तिचा बाप बुधा आणि आई बाया यांना मे महिन्यात कामशेतच्या आधार केंद्रावर बोलावले. कामाचा दिवस मोडून दोघे पोरीला घेऊन आले. तिथे जे बोलणे झाले ते जसेच्या तसे देतो, कारण अर्जदाराकडे पुरावा म्हणावा असे एवढेच आहे.

बाया म्हणाली, "आबा, एक जूनला कोन झालं?"

अर्जदार म्हणाला, "छकुली. म्हणजे कागदावर."

"न्हाई. माझी छकुली आवनीत झाली. भात लावीत हुते, गुडघाभर चिखलात. कळा आल्या तशी बांधावर येऊन बसले. एक जूनला कुटं आवनी असती, आबा?"

बुधा म्हणाला, "अगं, शाळा ऱ्हातीया तर लिवू दे की. आपल्या बाचं काय जातंय?"

"तुजी लिव जा! तुला तरी कुटं म्हाईत हाय, तू कवा झालास ते?"

यावर बुधा हसला. रजिस्टरात त्याचीही एक जूनच आहे. मग बाया अर्जदाराकडे वळली. "तवा तुमी लिवलं, मी गप ऱ्हायले. मास्तर हायेत, त्यांना कळतंय म्हनलं. आता परत न्हाई लिवायचं. येक दिस तर तिचा हाय, त्यो बी काडून घेता व्हय?"

अर्जदाराने फॉर्म घडी करून खिशात ठेवला. अंगणवाडीच्या वहीत छकुलीची तारीख १९ जुलै आहे. ऐन आवणीची.

७. आता अंतराबाबत. समायोजनाच्या पत्रात पलीकडची शाळा नऊशे मीटरवर दाखवली आहे, म्हणजे कायद्यातल्या एक किलोमीटरच्या आत. ते खरे आहे. फक्त ती रेघ धरणाच्या पाण्यावरून जाते. पाण्याला वळसा घालून वाट साडेपाच किलोमीटर आहे. २१ मे रोजी अर्जदार आणि बाया ती चालून आले. एका बाजूला दोन तास दहा मिनिटे लागली; त्यांतली तीस मिनिटे अर्जदाराच्या बसण्याची, ती वजा करावीत. दुसऱ्या ओढ्यापाशी बाया म्हणाली, "सायबाला म्हनावं, पोरं धाडतो, होडी तेवढी धाडा." अर्जदार ही मागणी नोंदवतो, तिचा आग्रह धरत नाही. बुधाची पुतणी करिष्मा हिचे नाव गेल्या वर्षी पाचवीसाठी याच वाटेवरून पलीकडे घातले होते. ती दिवाळीपर्यंत गेली. आता शेळ्या राखते. दहा वर्षांच्या मुलीचे हे झाले, तर पहिलीतले मूल किती दिवस जाईल, याचा अंदाज अर्जदार लिहीत नाही.

८. हा परिच्छेद गाळावा की ठेवावा, याबद्दल अर्जदाराच्या मनात शंका आहे. आपल्या कार्यालयाबाहेर सेवाज्येष्ठतेची यादी लावली आहे. चौथ्या वेळी ताटकळत असताना अर्जदाराने ती उभ्या उभ्या वाचली. तीत एक जूनला जन्मलेले एकोणीस जण आहेत. अर्जदार स्वतः ३१ मे २००६ रोजी निवृत्त झाला, तेव्हा केंद्रातल्या शाळांचे सहा मास्तर त्याच दिवशी निवृत्त झाले होते आणि सहा शालींना मिळून एकच भाषण झाले होते. मुलांना लावलेला नियम त्या एकोणीस जणांना लावावा, अशी अर्जदाराची मुळीच मागणी नाही. मात्र अर्जदाराला लावल्यास हरकत नाही. कारण अर्जदाराचा जन्म भाद्रपदातला, गौरी गेल्या त्या दिवशीचा. आई शाळेत नाव घालायला घेऊन गेली तेव्हा सहा वर्षांना तीन महिने कमी पडत होते. लोकल बोर्डाचे मास्तर म्हणाले, "वहिनी, एवढ्यासाठी पोराला वर्षभर घरी बसवायचं का?" आणि त्यांनी एक जून लिहिले. अर्जदाराची शाळा, नोकरी, पेन्शन, तळेगावचे पुस्तकांचे कपाट, सगळे त्या एका खोट्या तारखेवर उभे आहे. त्या मास्तरांनी ती मुलाला आत घ्यायला लिहिली होती. अर्जदाराने तीच तारीख गुडघे दुखत होते म्हणून लिहिली, आणि तिने सात मुले बाहेर काढली.

९. सबब विनंती अशी :

अंगणवाडीची वही पुरावा म्हणून मान्य करावी. ती शाईने लिहिलेली आहे, त्या त्या दिवशी लिहिलेली आहे, आणि लिहिणारी बाई चालत घरोघर गेली होती.

दुरुस्ती होईपर्यंत पट संगणकावरून न धरता डोळ्यांनी मोजावा. १५ जूनला सकाळी साहेबांनी अथवा त्यांच्या प्रतिनिधीने वाडीवर यावे. अकरा मुले रांगेत उभी असतील. मोजायला एक मिनिट लागेल. कान धरायला लावू नये.

रजिस्टरात त्या सात नावांसमोर तांबड्या शाईने शेरा मारावा, की 'नोंद लिहिणाऱ्याच्या आळसाने चुकली, मुलाचा दोष नाही'. त्याखाली सही करायला अर्जदार येईल. याबद्दल काही कारवाई करायची असल्यास ती अर्जदारावर करावी. निवृत्त माणसावर काय कारवाई होऊ शकते हे त्याने वह्यांत पाहिले, पण सापडले नाही.

१०. इथवर 'अर्जदार' असे लिहीत आलो. त्या शब्दाआड बसले की बरे वाटते. पण बाया हिलमने बोट दाखवले ते माझ्याकडे. पस्तीस वर्षे मी मुलांना शिकवत आलो की चुकलेले खोडून नीट लिहावे, लपवू नये. मला ते एकदा करायचे आहे आणि त्यासाठी आपली परवानगी लागते. एवढेच मागतो आहे. हा अर्जही लांबला, त्याबद्दल क्षमा असावी.

आपला नम्र आणि चुकलेला,

(सही)
शरच्चंद्र रामकृष्ण उपळेकर

स्थळ : तळेगाव दाभाडे
दिनांक : १ जून २०२६ (ही तारीख खरी आहे.)

सोबत :
१) अंगणवाडीच्या वहीतील सात नोंदींच्या छायाप्रती. या वेळी वहीपर्यंत मी स्वतः चालत गेलो.
२) आधीच्या अर्जांची उत्तरे व पोच. पहिल्या दोन उत्तरांतला मजकूर एकच असल्याने एकच प्रत जोडली आहे.
३) धरणाला वळसा घालून जाणाऱ्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा. ओढे दोन.
४) छकुली बुधा हिलम हिने स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव. 'छ' उलटा पडला आहे, तो तिचाच आहे. नावाखाली तिने जन्मतारखेची रेघ आखली आणि पेन माझ्यापुढे धरून म्हणाली, "आबा, हितं तुमी लिवा." मी लिहिले नाही. ती जागा आपल्यासाठी कोरी ठेवली आहे.